गाडीत फेरबदल करण्यापूर्वी

कडब्याने भरलेली बैलगाडी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. पेंढ्या बेताने रचल्या तर गाडी नीट घरी येते. पण "आणखी चार मावतील" म्हणत वर वर रचत गेले, तर काय होते? चाक खळग्यात गेले, की गाडी कलंडते. बैल तेच, चाकेही तीच. पण वजन उंच चढले आणि तोल गेला.

मोटारगाडीचेही असेच आहे.

आमच्या माहितीत एक टेंपोवाला आहे. माणूस कष्टाळू. एका खेपेत जास्त माल जावा म्हणून त्याने हौद्याच्या बाजू लोखंडी पत्र्याने दोन फूट वाढवल्या. वेल्डिंगवाला म्हणाला, "काही होत नाही, सगळेच करतात." चार महिने पैसे बरे मिळाले. मग एके दिवशी कांदा भरलेला टेंपो वळणावर आडवा झाला. जीव वाचला, हात मोडला. तो विम्याचे पैसे मागायला गेला, तेव्हा त्याला विचारले, "कागदावर एक गाडी आणि रस्त्यावर दुसरीच, हे कसे?" त्याच्याजवळ उत्तर नव्हते.

हा कागद कोणता? शेताला जसा सात-बारा, तशी गाडीला नोंदणी. पूर्वी तिचे पुस्तक मिळे, आता कार्ड मिळते. तरी लोक त्याला आर. सी. बुकच म्हणतात. गाडीचा चासी नंबर, इंजिनाचा नंबर, रंग, इंधन, बसण्याच्या जागा, रिकाम्या गाडीचे वजन, हे सारे नोंदणीत असते. ही नोंदणी आर. टी. ओ. कचेरीत होते.

आपल्या देशात १९८८ चा मोटार वाहन कायदा आहे. त्याचे ५२ वे कलम सांगते, की कारखान्याने गाडी जशी बनवली आणि नोंदणीत जशी लिहिली, तिच्याशी जुळणार नाही असा बदल मालकाने करू नये. केरळातून आलेल्या एका खटल्यात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच गोष्ट पक्की केली. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. परवानगी नसलेल्या दर फेरबदलाला ५,००० रुपये दंड, किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्या दुरुस्तीत घातली.

कोणी म्हणेल, "गाडी माझी, पैसा माझा. सरकारला काय त्याचे?" प्रश्न बरोबर आहे. म्हणून त्याचे उत्तरही समजून घेऊ.

गाडी बनवताना ब्रेक, पाटे, चाके आणि टायर यांचा हिशेब घातलेला असतो. हे ब्रेक एवढेच वजन थांबवतील, हे पाटे एवढाच भार पेलतील, असा तो हिशेब. आपण हौदा वाढवतो, जीपमध्ये जादा बाके ठोकतो. पण ब्रेक मात्र तेच राहतात. उतारावर गाडी वेळेत थांबत नाही. मग रस्त्याने शाळेला चाललेले पोर कोणाचे, हे ती गाडी विचारत नाही.

पुढे लावलेला जाड लोखंडी दांडा घ्या. गाडी मजबूत झाली, असे वाटते. खरे उलट आहे. मोटारीचा पुढचा भाग मुद्दाम असा केलेला असतो, की टक्कर झाली तर तो चेपावा आणि धक्का स्वतः सोसावा. दांडा लावला, की तो धक्का सरळ आतल्या माणसांपर्यंत जातो. पायी जाणाऱ्याला तर तो दांडा फार जबर लागतो. म्हणून डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना पत्र लिहून असे दांडे लावणाऱ्यांवर कारवाई करायला सांगितले.

मोटारसायकलचा सायलेन्सर बदलून फटफट आवाज काढणे ही तरण्या पोरांची हौस. पण घरात तान्हे मूल असते, आजारी माणूस असते. त्यांची झोप मोडते. आवाजाचे आणि धुराचे नियम मोडले तर १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि ३ महिने लायसन बंद, असे २०१९ च्या दुरुस्तीत ठरले.

मग गाडीला हातच लावायचा नाही का? तसे नाही. कायद्याने वाट ठेवली आहे. पेट्रोलच्या गाडीला सी. एन. जी. ची टाकी बसवता येते. पण मंजूर झालेला संच हवा, तो अधिकृत ठिकाणीच बसवायला हवा आणि नोंदणीत तसा बदल करून घ्यायला हवा. अपंग माणसाला चालवता यावी म्हणून गाडीत बदल करायलाही आर. टी. ओ. परवानगी देऊ शकते. रंग बदलायचा असेल, तरी आधी कचेरीत विचारावे. घासलेला टायर बदलणे, तुटलेला आरसा बसवणे ही तर दुरुस्तीच झाली. ती वेळेवर केलीच पाहिजे.

एवढे ध्यानात ठेवा. दुकानात वस्तू मिळते म्हणून ती गाडीला चालते, असे नव्हे. मेस्त्री सांगेल ते शेवटचे, असेही नव्हे. आधी परवानगी, मग काम, मग नोंद. जुनी गाडी घेताना नोंदणीचा कागद हातात धरा आणि गाडीभोवती एक फेरी मारा. कागदावरची गाडी आणि समोरची गाडी एकच आहे का, ते स्वतः वाचून पाहा.

आता तुम्हाला वाचता येते. ते वाचन इथे कामी आणा. त्या टेंपोवाल्याचा हात जुळून आला. आता तो जुन्याच हौद्यात माल भरतो. एक खेप जास्त मारतो, पण संध्याकाळी धडधाकट घरी येतो.