मातीच्या भिंती, माथ्यावरचं ओझं

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीची जमीन हादरली आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं झोपेतच गाडली गेली. तेव्हापासून मराठवाड्यात मातीचं घर म्हटलं, की लोकांच्या अंगावर काटा येतो.

पडलेली घरं नीट तपासली, तर मात्र सगळा दोष मातीच्या माथी मारता येत नाही. त्यांच्या भिंती होत्या ओबडधोबड दगडांच्या, दोन-दोन फूट जाड, मातीच्या चिखलात रचलेल्या. आतली आणि बाहेरची रांग एकमेकींत गुंतवणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. ते गळू नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर त्यावर पांढरी माती घालायची. असं करत करत थर फूट-दीड फुटांवर जायचा. हादऱ्यानं भिंतीचे दोन पदर सुटले आणि वरचा सगळा भार घरात आला. ज्या घरांत माळवद लाकडी खणांवर, म्हणजे खांब आणि तुळयांवर पेललं होतं, त्यांतली बरीच भिंती ढासळूनही उभी राहिली.

कच्छमध्ये २६ जानेवारी २००१च्या भूकंपात याची उलट बाजू दिसली. बन्नी भागातले भुंगे म्हणजे मातीच्या गोल भिंती आणि वर गवताचं शंकूसारखं छप्पर. गोल भिंतीला कोपरेच नसतात, त्यामुळे हादरा भिंतभर वाटला जातो. शिवाय माथ्यावर ओझं नाही. नीट राखलेले अनेक भुंगे त्या भूकंपातून तगले. पुढे पुनर्बांधणीत भुजच्या ‘हुन्नरशाला’ संस्थेनं स्थानिक कारागिरांना हाताशी धरून मातीचं बांधकाम नव्यानं उभं केलं.

म्हणून माती सगळं सोसते, असंही नाही. २६ डिसेंबर २००३च्या भूकंपात इराणमधल्या बाम शहरात कच्च्या विटांची घरं कोसळली आणि २६ हजारांहून अधिक माणसं गेली. जड छत आणि कुठलीही बांधणी नसलेल्या भिंती, हे तिथलंही दुखणं होतं.

तरीही जगभरचे वास्तुरचनाकार मातीकडे वळत आहेत, ते भट्टीमुळे. पक्की वीट भाजायला हजार अंशांच्या आसपास उष्णता लागते. त्यासाठी कोळसा किंवा लाकूड जळतं. दाबून केलेल्या मातीच्या विटेला भट्टी लागतच नाही. मातीत साधारण पाच टक्के सिमेंट मिसळायचं, यंत्रात दाबायचं आणि वीट काही आठवडे ओलसर ठेवायची. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७०च्या दशकापासून, तर ऑरोव्हिलमध्ये १९८०च्या दशकाअखेरीपासून या तंत्रावर काम झालं आहे.

मात्र त्यासाठी कुठलीही माती चालत नाही. शेतातली वरची सकस माती शेतालाच ठेवायची, खालची घ्यायची. पारख सोपी आहे. काचेची बरणी अर्धी मातीनं भरायची, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून खळखळून हलवायची. मिनिटभरात वाळू तळाशी बसते, त्यावर हळूहळू गाळ, आणि सगळ्यात शेवटी चिकणमाती. विटेला वाळूचा वाटा निम्म्याच्या आसपास आणि चिकणमाती पाचव्या हिश्शाएवढी असली, की काम जमतं. काळी माती इथेच नापास होते: ती पाण्यानं फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यात मुरूम किंवा वाळू मिसळावी लागते, नाहीतर दुसरी माती आणावी लागते.

पाण्याचं भय कायम असतं. म्हणून जोतं उंच, दगडाचं. छपराच्या वळचणी भरपूर पुढे काढलेल्या. आणि गिलाव्याची वेळोवेळी डागडुजी.

भूकंपासाठीचे नियमही कागदावर आहेत. भारतीय मानक ब्यूरोनं मातीच्या इमारतींसाठी मार्गदर्शक मानक काढलं ते १९९३मध्येच. भिंतीची उंची जाडीच्या आठ पटींहून जास्त नको, खिडकी-दरवाजाची रुंदी १.२ मीटरच्या आत हवी, छप्पर हलकं हवं, असं त्यात सांगितलं आहे. अडचण आहे ती हे वाचून भिंत उभी करणाऱ्या गवंड्यांची. सिमेंटच्या कामात मुरलेल्या पिढीला मातीचं काम कुणी शिकवलेलं नाही, आणि माळवद घालणारे जुने हात आता थकले आहेत.