मागच्या बाकावरचे मुख्याध्यापक

बी. एड.चा अभ्यासक्रम 2015 पासून दोन वर्षांचा झाला आणि दुसऱ्या वर्षी सोळा आठवड्यांची आंतरवासिता आली. तिच्यासाठी आम्ही आठ छात्राध्यापक तालुक्याच्या गावी एका अनुदानित शाळेत रुजू झालो, तेव्हा ज्यांच्या सही-शिक्क्यावाचून आमची हजेरी महाविद्यालयात ग्राह्य धरली जात नाही ते गृहस्थ, यापलीकडे मुख्याध्यापक या पदाविषयी आमची काहीच कल्पना नव्हती. परिपाठाला ते व्हरांड्यात उभे राहत, पुढे दिवसभर कार्यालयात, आणि पाठटाचणे काढताना आमच्यापैकी कोणीतरी म्हणेच, "सर वर्गावर येतच नाहीत."

एका दुपारी टाचणवही दाखवावयास मी कार्यालयात गेलो, तेव्हा शाळा सोडल्याचे दहाबारा दाखले सहीसाठी आले होते. लिपिकाने जनरल रजिस्टर उघडून धरले होते, आणि सर प्रत्येक दाखल्यावरील नाव, आईचे नाव, जात व जन्मतारीख, तीही आधी अंकी आणि मग अक्षरी, रजिस्टरातील नोंदीवर बोट ठेवून मोठ्याने वाचून घेत होते. एका दाखल्यात अंक बरोबर होते, पण अक्षरांत 'एकोणीस'चे 'एकोणतीस' झाले होते. तो रद्द करून नवा लिहावयास सांगताना ते मला म्हणाले, "एवढी चूक राहिली तर पोर उद्या नोकरीच्या दारात अडकतं, आणि त्याचा बाप शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत हेलपाटे घालत बसतो." पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब आणि वेतन देयके अजून तशीच पडली होती. ज्याला आम्ही उदासीनता समजत होतो, ती त्या मनुष्याची दिवसभराची जबाबदारी होती, हे मला तेव्हा कळले.

तरीही माझी तक्रार सर्वस्वी मिटली नाही. शेवटच्या आठवड्यात, मी सातवीला अपूर्णांकांचा भागाकार शिकवीत असताना, सर न सांगता येऊन मागच्या बाकावर बसले. तास संपल्यावर ते एवढेच म्हणाले, "खिडकीजवळच्या मुलीनं दोनदा हात वर केला; दोन्ही वेळा तुमची पाठ वर्गाकडे होती." निरीक्षकांच्या गुणपत्रकांत फलकलेखनाला मला नेहमी उत्तम गुण मिळत, तो हात मात्र कोणीच नोंदविलेला नव्हता.

कारकुनी कामाचा भार शासनाने हलका करावा, ही मागणी रास्तच आहे. तोवर मुख्याध्यापकांना माझी एकच विनंती आहे: सोळा आठवड्यांत प्रत्येक छात्राध्यापकाच्या वर्गात एकदा तरी, आणि तेही पहिल्याच महिन्यात, मागच्या बाकावर येऊन बसावे.