सिंकवरची काठवट

ट्रेलर घेतला असं सांगितलं की आपली माणसं ठरलेले तीन प्रश्न विचारतात. झोपायला किती जण मावतात? संडास आत आहे का? आणि रिव्हर्स घेताना भीती नाही वाटत? ओटा किती लांब आहे, हे मला अजून कुणी विचारलेलं नाही. बायकांनीही नाही. पाच माणसं चार दिवस त्या खोलीत राहणार असतील तर खरं म्हणजे पहिला प्रश्न तोच हवा.

हा अंक भारतात आजी-आजोबांच्या हातातही जातो, म्हणून थोडं सांगते. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे पिकअप ट्रकच्या मागे जोडून न्यायचं चाकांवरचं छोटं घर. इथले बहुतेक ट्रेलर इंडियाना राज्यात, एल्कहार्टच्या आसपासच्या कारखान्यांत बनतात. आम्ही राहतो त्या डेट्रॉइटच्या उपनगरापासून ते गाव साधारण तीन तासांवर आहे. आमचा ट्रेलर बावीस फुटी आणि सेकंडहँड. पलंग, मुलांसाठी बंक, जेवायचं टेबल, न्हाणीघर, फ्रिज, गॅसची शेगडी, सिंक, सगळं त्यात बसवलंय. फक्त सिंक आणि शेगडी यांच्यामध्ये जी जागा उरते, ती माझ्या हाताने मोजली तर एक वीत आणि चार बोटं. चहाचे दोन कप ठेवले की तिसरा हातात धरून उभं राहायचं.

इथल्या लोकांना हे खुपत नाही, कारण त्यांचा स्वयंपाक बाहेर होतो. ग्रिलवर सॉसेज, मक्याची कणसं, सोबत पाव. आपली पोळी-भाकरी मात्र ओट्याशिवाय होत नाही. पीठ मळायला, थापायला आणि सांडायलाही सपाट जागा लागते.

ट्रेलर घेतला तो मुळात बाबांसाठी, म्हणजे माझ्या सासऱ्यांसाठी. त्यांना मधुमेह आहे, दर तासाला उठावं लागतं, आणि रस्त्यावरच्या विश्रांतीगृहांची मोजदाद करत प्रवास करणं त्यांना नको झालं होतं. सोबत स्वतःचं न्हाणीघर असलं की ते निर्धास्त बसतात. गेल्या उन्हाळ्यात दोघं सहा महिन्यांसाठी आले आणि आम्ही जवळच्याच एका स्टेट पार्कात दोन रात्री राहून आलो. बाबांना दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी लागते. आईंनी सिंकवर परात आडवी ठेवून थापायला घेतलं, तर परात डुगडुगायला लागली. मग बाहेरच्या पिकनिक टेबलावर गेल्या. टेबल बुटकं, वारा सुटलेला, पीठ अर्धं गवतात. तरी त्यांनी सहा भाकऱ्या केल्या. घरी परत आल्यावर शांतपणे म्हणाल्या, "अगं, पुढच्या वेळी तुम्ही तिघं जा. आम्ही घरी बरे. त्या डब्यात माझ्या हाताला जागा नाही."

ऑगस्टमध्ये मिशिगनच्या उत्तर टोकाला, अप्पर पेनिन्सुलाला जायचं बुकिंग झालेलं होतं. नवऱ्याने दुकानातले टॉर्टिया न्यायचं सुचवलं. त्यावर मी इथे काही लिहीत नाही.

सिंकवर झाकण टाकून ओटा वाढवायचा, ही कल्पना काही माझी नाही. नव्या ट्रेलरमध्ये अशी झाकणं कारखान्यातूनच येतात. आमच्याही ट्रेलरबरोबर एक आलं होतं. आत लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड आणि वरून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. दिसायला देखणं, पण कडेने एकदा पाणी आत शिरलं की असा बोर्ड चहात बुडवलेल्या टोस्टसारखा फुगतो आणि पुन्हा बसत नाही. आमचं झाकण सिंकच्या काठावर तीन कोपऱ्यांवरच टेकत होतं. त्यावर वाटी ठेवता येईल, भाकरी थापता येणार नाही. लाटताना जोर पुढे-मागे जातो. थापताना तो सरळ खाली, ठोके देत जातो. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, म्हणून ती लाटली की फाटते, थापावीच लागते. फळी जराशी हलली तर कड चिरते. म्हणून मी एकच अट ठरवली: आईंनी भाकरी थापली तर फळीचा आवाज येता कामा नये.

मी भूगोलात एम.ए. केलं आणि लग्नाआधी शाळेत नववी-दहावीला शिकवायचे. करवतीशी माझा संबंध नकाशे कापण्याच्या कात्रीइतकाच. पण आमच्या गावच्या कम्युनिटी सेंटरमध्ये लाकूडकामाची खोली आहे, संध्याकाळी शिकवणारे एक निवृत्त गृहस्थ असतात आणि यंत्रं वापरू देतात. ज्यांच्याजवळ अशी सोय नाही त्यांना बऱ्याच मोठ्या हार्डवेअर दुकानांत फळीचे सरळ काप मारून मिळतात. मग उरतात फक्त गोल कोपरे.

आधी माप. टेपने लांबी-रुंदी घेऊन भागत नाही, कारण ट्रेलरच्या ओट्याचा प्रत्येक कोपरा काटकोनात असेलच असं नाही. सामानाच्या खोक्याचा पुठ्ठा सिंकवर ठेवून कड बोटाने दाबत जायची, पुठ्ठ्यावर वळ उठतो, त्यावरून कापायचं. कोपऱ्याची गोलाई काढायला कंपास लागत नाही. मी घरातल्या सगळ्या वाट्या नेल्या होत्या आणि आमटीची वाटी अगदी बरोबर बसली. पुठ्ठ्याचं झाकण दोन दिवस तिथेच ठेवून बघावं. नळ फिरताना आपटतो का, वरच्या कपाटाचं दार उघडतं का, हे तेव्हाच कळतं.

लाकूड कुठलं घ्यायचं हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. पाइन स्वस्त आणि हलकं, पण इतकं मऊ की सुरीचे घाव खोल जातात. ओक सगळीकडे मिळतो, पण त्यातही लाल आणि पांढरा असा भेद आहे. लाल ओकची छिद्रं मोकळी असतात. त्याच्या पट्टीचं एक टोक पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकाने फुंकर मारली तर पाण्यात बुडबुडे येतात. लेकीला करून दाखवलं, ती अर्धा तास फुंकत बसली होती. पांढऱ्या ओकची छिद्रं आतून बंद झालेली असतात, म्हणून दारूची पिंपं त्याची करतात. सिंकसाठी लाल ओक अर्थातच बाद. मी घेतला हार्ड मेपल, म्हणजे ज्याच्या चिकापासून सरबतासारखा गोड पाक काढतात ते झाड. मिशिगनच्या जंगलांत भरपूर आहे, दाणा बारीक, आणि इतका कणखर की बास्केटबॉलच्या मैदानांची जमीन त्याचीच करतात.

प्लास्टिकचा विचारही केला होता. कापायच्या पांढऱ्या बोर्डाचं एचडीपीई जिगसॉने कापता येतं, पाण्याने फुगत नाही. ज्यांना फक्त भाजी चिरायची आहे त्यांनी तेच करावं, एका दुपारचं काम आहे. पण गरम तवा त्यावर टेकला तर ते वितळतं, आणि आईंच्या हाताखाली ते गुळगुळीत वाटलं असतं. भाकरीला थोडी पकड हवी.

आता भूगोलाचा तास. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, आणि त्याप्रमाणे रुंदीत वाढतं, आक्रसतं. रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, जवळजवळ काहीच फरक पडत नाही. पंधरा इंच रुंद मेपलच्या फळीतला ओलावा चार टक्क्यांनी बदलला तर रुंदी अडीच ते पाच मिलिमीटर बदलू शकते. लेक मिशिगनच्या दमट काठावर जुलैत घट्ट बसणारी फळी हिवाळ्यात सैल होते. आणि उलट केलं, म्हणजे हिवाळ्यात कोरड्या घरात नेमकी मापात बनवली, तर उन्हाळ्यात ती सिंकमध्ये अडकून बसते.

म्हणून मी एकाऐवजी दोन तुकडे केले, प्रत्येकी १२ इंच रुंद आणि १६ इंच लांब, जाडी पाऊण इंच. रेषा पुढून मागे धावतात, कारण फळी पुढच्या आणि मागच्या काठावर टेकते आणि लाकडाची ताकद त्याच दिशेने असते. फुगायचं ते आडवं, आणि तिथे दोन तुकड्यांमध्ये फट सोडलेली. दोन तुकड्यांचा दुसरा फायदा म्हणजे एक बाजूला केला की अर्ध्या सिंकमध्ये भांडी घासता येतात आणि उरलेल्या अर्ध्यावर थापणं चालू राहतं.

प्रत्येक तुकडा तीन पट्ट्या चिकटवून केला. डिंक टाइटबाँड थ्री, तो पाण्यात टिकतो. अर्धा तास क्लॅम्पमध्ये आवळायचा आणि पुढचे चोवीस तास त्यावर जोर द्यायचा नाही.

झाकण हलू नये म्हणून खाली, सिंकच्या पुढच्या आणि मागच्या भिंतीला आतून लागून, दोन आडव्या पट्ट्या लागतात. माझ्या मते सगळ्या कामात महत्त्वाचं ते हेच. या पट्ट्या फळीच्या रेषांना आडव्या जातात. त्या डिंकाने पक्क्या चिकटवल्या तर फळीला फुगायला वाव राहत नाही आणि एखाद्या मोसमात ती तडकते. स्क्रूने लावायच्या. मधला स्क्रू घट्ट आणि कडेचे स्क्रू लांबट भोकांत, म्हणजे लाकूड सरकलं तर स्क्रूही त्याच्याबरोबर सरकतो. पट्टीमुळे फळी पन्हाळीसारखी वाकतही नाही. उचलायला बोटभर भोक हवंच. ते पाडताना खाली टाकाऊ फळी दाबून धरली तर पलीकडची कड फाटत नाही.

घासायचं ८० नंबरच्या पॉलिशपेपरने सुरू करून १२०, १८०, २२० पर्यंत. मग ओल्या फडक्याने पुसायचं. लाकडाची लव उभी राहते, ती वाळल्यावर पुन्हा २२० फिरवायचा. हे केलं नाही तर पहिल्याच धुण्यात फळी खरखरीत होते.

तेलावरून घरात चर्चा झाली. आई म्हणाल्या, शेंगदाण्याचं लाव, लाटण्याला आपण तेच लावतो. पण रोज वापरातलं लाटणं वेगळं आणि महिनोन्महिने बंद ट्रेलरमध्ये पडणारी फळी वेगळी. स्वयंपाकाचं तेल लाकडात मुरून खवट होतं. खाण्याला चालणारं मिनरल ऑइल खवट होत नाही. इथे ते औषधांच्या दुकानात मिळतं, रेचक म्हणून. बाबांनी बाटलीवरचं लेबल मोठ्याने वाचलं आणि भाकरीबरोबर आणखी काय काय सुटणार आहे असं विचारलं. चार भाग तेलात एक भाग मधमाश्यांचं मेण वितळवून शेवटचा हात दिला. खालच्या बाजूलाही तितकंच तेल लावायचं. एकाच बाजूला लावलं तर दुसरी बाजू ओलावा ओढते आणि फळी वाकते.

दोन्ही तुकड्यांचं वजन मिळून साडेतीन किलो भरलं, म्हणजे एक गॅलन पाण्याइतकं. ट्रेलरच्या दाराजवळ पिवळ्या स्टिकरवर सामानाची वजनमर्यादा लिहिलेली असते, त्यामुळे हा हिशोब ठेवावा लागतो.

ऑगस्टमध्ये पहिला मुक्काम लडिंग्टन स्टेट पार्कला, लेक मिशिगनच्या वाळूच्या टेकड्यांजवळ. आई आल्या होत्या, पण "बघू" एवढंच म्हणून. संध्याकाळी त्यांनी फळीवर आधी तळहात दाबून पाहिला, मग मुठीने दोनदा ठोकलं. पीठ भुरभुरलं आणि गोळा ठेवला. मी दारात उभी राहून कान देत होते. थापण्याचा आवाज आला, फळीचा नाही. दुसरी भाकरी तव्यावर टाकता टाकता म्हणाल्या, "ही तर काठवटच की गं. जरा कड असती तर पीठ खाली गेलं नसतं." आमच्या सासरी सोलापूरकडे लाकडी काठवट अजून आहे. पीठ फटीतून सिंकमध्ये पडत होतं हे खरं. मी फटीखाली स्टीलचं ताट ठेवायला लागले, त्यावर इलाज तेवढाच. तिथून पुढे सेंट इग्नेसपर्यंत पाच दिवसांत चाळीसएक भाकऱ्या झाल्या आणि बाबा जेवणाच्या वेळेबद्दल एकदाही बोलले नाहीत.

कुणी करणार असेल तर वापराच्या चार गोष्टी सांगून ठेवते. भाकरी आचेवर फुगवताना छताचा पंखा लावा, नाहीतर धुराचा अलार्म ओरडतो आणि शेजारचा कॅम्पर धावत येतो. शेगडी पेटलेली असताना तिच्या लगतचा तुकडा काढून ठेवा. मासे-चिकन फळीवर चिरू नका, त्याला पातळ प्लास्टिकची वेगळी चटई बरी. धुतल्यावर आडवी न ठेवता उभी करून वाळवा, आणि रात्री सिंक उघडं राहू द्या, खालचा ओलावा निघून जातो. गाडी चालू असताना फळी सिंकवर कधीही सोडू नका. जोरात ब्रेक लागला तर साडेतीन किलोचं मेपल कुठेही जाऊ शकतं. आमचे दोन्ही तुकडे टॉवेलमध्ये गुंडाळून पलंगाखालच्या खणात जातात. ऑक्टोबरमध्ये ट्रेलर बंद करताना ते घरात आणले, तेल लावलं, आणि सध्या त्यातल्या एकावर चकलीचा सोऱ्या ठेवलेला आहे.