पुस्तकांच्या साइटचं नवं डिझाइन आलं? रंग नंतर बघा, आधी तुमची यादी सांभाळा

वाचलेली पुस्तकं नोंदवायच्या, त्यांना स्टार द्यायच्या आणि मित्रांना दाखवायच्या सोशल साइट्स दर काही वर्षांनी नव्या रूपात येतात. मोठी कव्हर्स, डार्क मोड, वर्षाअखेरीस स्टोरीवर टाकायला रंगीत आकडेवारी. लाँचच्या दिवशी सगळी चर्चा याचीच असते. मलाही हे आवडतं. पण अशा साइटवर आपलं खरं काही अडकलेलं असेल तर ती आपली यादी. कोणतं पुस्तक कधी संपवलं, किती आवडलं, त्यावर काय लिहिलं, पुढे काय वाचायचं आहे.

ही यादी आपल्या फोनमध्ये नसते, साइटच्या सर्व्हरवर असते. फोन बदलला, ॲप पुन्हा टाकलं, लॉगिन केलं की सगळं जागेवर. त्यामुळे ती कायमची आहे असं वाटायला लागतं. ती तशी का नाही आणि नवं डिझाइन येतं तेव्हा आत नेमकं काय हलतं, ते बघूया.

साइटचे तीन थर

अशी कोणतीही साइट तीन थरांची असते.

१. दर्शनी भाग: बटणं, रंग, पानाची मांडणी. डिझाइन बदललं की आपल्याला दिसतो तो एवढाच.

२. कॅटलॉग: जगातल्या पुस्तकांच्या नोंदी. नाव, लेखक, प्रकाशक, पानं, कव्हर, आयएसबीएन.

३. तुमचं शेल्फ: तुम्ही त्या नोंदींना जोडलेली माहिती. स्टार, तारीख, परीक्षण.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. तुमच्या शेल्फवर पुस्तक नसतं, पुस्तकाच्या नोंदीकडे जाणारा एक धागा असतो. कॅटलॉगमधली नोंद हलली, दुसऱ्या नोंदीत मिसळली किंवा उडाली, तर तो धागाही हलतो. म्हणून पहिला थर कितीही बदलला तरी मी काळजी करत नाही. दुसऱ्या थराला हात लागला की मात्र लक्ष द्यावं लागतं.

हे खरंच घडलेलं आहे

गुडरीड्स ही अमेरिकन साइट ओटिस चँडलर आणि एलिझाबेथ खुरी चँडलर यांनी २००७ च्या सुरुवातीला लाँच केली. पुस्तकांची बरीचशी माहिती ती ॲमेझॉनकडून घ्यायची. त्या माहितीच्या वापरावर ॲमेझॉनच्या अटी होत्या. जानेवारी २०१२ मध्ये गुडरीड्सने तो स्रोत सोडला आणि इन्ग्रॅम या पुस्तकांच्या मोठ्या घाऊक वितरकाकडून माहिती घ्यायला सुरुवात केली. पान उघडलं तर साइट तशीच दिसत होती. पण ज्या पुस्तकांची माहिती फक्त ॲमेझॉनकडूनच आली होती, त्यांच्या नोंदी धोक्यात आल्या. शेवटी साइटने वापरणाऱ्यांनाच हाक दिली आणि लोकांनी अशा पुस्तकांची माहिती दुसरीकडून शोधून हाताने भरली. मग पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, ॲमेझॉनने गुडरीड्सच विकत घेतलं!

दुसरं उदाहरण शेल्फारीचं. आभासी लाकडी फळ्यांवर कव्हर्स मांडून दाखवणारी ही साइट २००६ ची. २००८ मध्ये ॲमेझॉनने ती घेतली आणि २०१६ मध्ये बंद केली. वापरणाऱ्यांना आपली पुस्तकं गुडरीड्सवर हलवायला सांगितलं गेलं. ज्यांनी वेळेत यादी काढून घेतली त्यांची वर्षं वाचली.

दोन्ही वेळा प्रश्न डिझाइनचा नव्हताच. कॅटलॉग कुणाचा आणि यादी बाहेर काढता येते का, हाच होता.

श्यामची आई एक, नोंदी अनेक

आता आपल्या पुस्तकांकडे येऊ. साने गुरुजींचं 'श्यामची आई' १९३५ चं. गुरुजी १९५० मध्ये गेले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो, म्हणजे २०११ पासून हे पुस्तक कोणीही छापू शकतं. छापलंही अनेकांनी. प्रत्येक प्रकाशकाच्या आवृत्तीचा आयएसबीएन वेगळा. हार्डकव्हर आणि पेपरबॅक यांचाही वेगळा.

म्हणून चांगल्या कॅटलॉगमध्ये दोन पायऱ्या असतात. वर 'कृती', म्हणजे श्यामची आई हे पुस्तक. तिच्याखाली त्याच्या सगळ्या 'आवृत्त्या'. स्टार कृतीला मिळतात, पानांची संख्या आवृत्तीची असते.

गडबड होते ती ही जोडणी नीट नसली की. एक नोंद देवनागरीत, एक रोमनमध्ये 'श्यामची' अशी, तिसरी 'श्यामाची' असं वाचावं लागेल अशा स्पेलिंगची. लेखक कुठे साने गुरुजी, कुठे पांडुरंग सदाशिव साने. कॉम्प्युटरला ही वेगवेगळी पुस्तकं वाटतात. मग वाचणारे चार ठिकाणी विभागले जातात, प्रत्येक नोंदीखाली मोजकेच स्टार दिसतात आणि साइटचं गणित असं पुस्तक कुणाला सुचवतच नाही. भरपूर वाचलेलं मराठी पुस्तक साइटवर न वाचलेलं दिसतं. पु. ल. देशपांडे हे नाव रोमनमध्ये किती प्रकारे लिहिता येतं ते मोजा, म्हणजे प्रश्न केवढा आहे ते कळेल.

आयएसबीएनने हे सुटायला हवं. तो २००७ पासून तेरा अंकी आहे. भारतातल्या पुस्तकांवर सहसा ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतो. शेवटचा अंक आधीच्या बारा अंकांवरून काढलेला असतो, त्यामुळे एखादा अंक चुकीचा टाइप केला की साइटला कळतं. पण आयएसबीएन पद्धतच १९७० च्या आसपासची. त्याआधीच्या प्रतींवर तो असणार कसा? आजोबांच्या कपाटातलं पुस्तक फोनने स्कॅन करायला जाल, तर बारकोडच सापडणार नाही.

सर्चमध्ये आणखी एक छुपी अडचण आहे. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतं: एकच स्वतंत्र अक्षर म्हणून, किंवा 'अ' वर चंद्र जोडून. डोळ्याला दोन्ही सारखी, कॉम्प्युटरला वेगळी. एका कीबोर्डवरून टाकलेलं नाव दुसऱ्या कीबोर्डवरून सापडलं नाही, तर हे एक कारण असू शकतं.

यादी बाहेर कशी काढायची

गुडरीड्सचं उदाहरण घेते, कारण आपल्याकडे बहुतेकांची यादी तिथेच असते. हे ॲपमधून होत नाही, ब्राउझर लागतो.

१. फोनच्या ब्राउझरमध्ये साइट उघडून लॉगिन करा आणि मेन्यूतून 'डेस्कटॉप साइट' निवडा.

२. 'माय बुक्स' मध्ये जा. बाजूला 'टूल्स' खाली 'इम्पोर्ट अँड एक्स्पोर्ट' दिसेल.

३. 'एक्स्पोर्ट लायब्ररी' दाबा. थोड्या वेळाने फाइलची लिंक येते.

४. डाउनलोड झालेली सीएसव्ही फाइल ड्राइव्हवर ठेवा किंवा स्वतःला मेल करा.

सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळी केलेली साधी मजकूर फाइल. त्यात नाव, लेखक, आयएसबीएन, तुमचे स्टार, वाचल्याची तारीख, शेल्फ आणि तुमचं परीक्षण असतं. मित्र, लाइक आणि परीक्षणाखालच्या गप्पा नसतात. त्यातलं काही जपायचं असेल तर स्क्रीनशॉट काढा.

ही फाइल थेट एक्सेलमध्ये उघडली तर मराठी नावांच्या जागी विचित्र चिन्हं दिसू शकतात. घाबरू नका, फाइल बिघडलेली नसते. एक्सेलने अक्षरांची पद्धत चुकीची ओळखलेली असते. तीच फाइल गूगल शीट्समध्ये उघडा. आणि मूळ फाइलवर एक्सेलमधून 'सेव्ह' करू नका. अक्षरं आणि लांब आयएसबीएन, दोन्हीची वाट लागू शकते. मी दर सहा महिन्यांनी एक्स्पोर्ट घेते आणि फाइलच्या नावात तारीख टाकते. पाच मिनिटांचं काम आहे.

नवं रूप आल्यावर काय तपासाल

• पुस्तकांची संख्या: बदलाआधीचा आकडा आणि नंतरचा आकडा जुळतोय का?

• मराठी पुस्तकं: चार-पाच उघडून बघा. कव्हर, लेखक, आवृत्ती तीच आहे का?

• तारखा आणि परीक्षणं: विशेषतः लांबलचक लिहिलेली.

• प्रायव्हसी: शेल्फ कोणाला दिसतं? आपण काय वाचतो यावरून आपल्याबद्दल बरंच कळतं.

• एक्स्पोर्टचं बटण: नव्या मांडणीत ते आहे का? नसेल तर ही सगळ्यात मोठी धोक्याची घंटा.

दुसरीकडे जायचं असेल तर

टिम स्पाल्डिंग यांनी २००५ मध्ये सुरू केलेली लायब्ररीथिंग अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससारख्या ग्रंथालयांच्या कॅटलॉगमधून माहिती घेते. पूर्वी तिथे दोनशेच पुस्तकं फुकट ठेवता यायची. २०२० पासून ती मर्यादा नाही. पुस्तक सापडलं नाही तर हाताने भरता येतं, एकाच कृतीच्या विखुरलेल्या नोंदी एकत्र करता येतात. त्यामुळे जुन्या मराठी पुस्तकांसाठी मला ती जास्त कामाची वाटते. नादिया ओडुनायो यांची स्टोरीग्राफ नवी आणि सुटसुटीत आहे. तिथे पाव स्टारही देता येतो आणि गुडरीड्सची फाइल सरळ आत घेता येते.

आयातीच्या वेळी साइट आधी आयएसबीएन जुळवते. तो नसेल तर नाव आणि लेखकावर अंदाज बांधते. मराठी पुस्तकं गळतात ती इथेच. म्हणून हलल्यावर जुन्या फाइलशी यादी ताडून बघा आणि राहिलेली हाताने टाका. टाकताना नाव देवनागरीत, रोमन स्पेलिंगही जमेल तिथे आणि आयएसबीएन असेल तर तोही भरा. विखुरलेली नोंद दिसली तर एकत्र करा, किंवा साइटच्या स्वयंसेवकांना कळवा. गुडरीड्सवर त्यांना 'लायब्रेरियन' म्हणतात. तुम्ही नीट केलेली एक नोंद पुढच्या प्रत्येक वाचकाला सापडते.

आणि हे सगळं लाँचची नोटिफिकेशन येण्याआधी करा. आज रात्री चार्जिंगला फोन लावाल, तेव्हा एक्स्पोर्ट दाबून ठेवा.