घरातील धूळ आणि कीटकनाशकांचे अवशेष

कीटकनाशकांचा विचार आपण बहुधा शेताच्या संदर्भात करतो. परभणी जिल्ह्यासारख्या कापसाच्या मुलखात हे स्वाभाविकही आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी व शेतमजूर यांना विषबाधा झाली आणि काहींचे प्राण गेले. तेव्हा चर्चेचा रोख मुख्यतः फवारणी करणाऱ्यावर होता, व तो योग्यच होता. परंतु विषाचा प्रवास बांधावर थांबत नाही. प्रस्तुत लेखात त्या प्रवासाच्या अखेरच्या टप्प्याचा, म्हणजे घरातील धुळीचा, विचार करावयाचा आहे.

शेतातील द्रव्य घरात अनेक वाटांनी येते. फवारणी करणाऱ्याचे कपडे व पादत्राणे ही पहिली वाट. फवारणीचा पंप पडवीत टेकवला जातो, औषधाची अर्धी बाटली देवळीत ठेवली जाते. वेचणीनंतर भाव वाढेपर्यंत कापूस राहत्या घरातच साठविला जातो. जुन्या माळवदाच्या घरांत वरून माती झडतच असते. या सर्वांचे कण अखेर जमिनीवरील धुळीत एकत्र येतात. मुंग्या, झुरळे व डास यांच्यासाठी घरातच वापरलेल्या औषधांची भर निराळीच.

घरात आलेले द्रव्य तेथे दीर्घकाळ का टिकते? उघड्यावर ऊन, पाऊस आणि मातीतील सूक्ष्मजीव ही तीन साधने त्याचे विघटन करीत असतात. घरात ऊन पोचत नाही, पाऊस पडत नाही, आणि कोरड्या धुळीत सूक्ष्मजीवांचे कार्य मंदावते. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा घरांच्या आतील भिंतींवर डी. डी. टी. फवारण्यात आले, ते याच टिकाऊपणाच्या आधारावर. भिंतीवर महिनोन्महिने परिणामकारक राहण्याचा जो गुण डासांविरुद्ध उपयोगी ठरला, तोच धुळीच्या दृष्टीने दोष होय. भारतात डी. डी. टी.च्या शेतीतील वापरावर १९८९ मध्ये बंदी आली. एंडोसल्फानला २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली. तथापि, बंदीचा हुकूम जुन्या धुळीला लागू होत नाही.

या धुळीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. एक ग्रॅम धुळीत एखादे कीटकनाशक १० मायक्रोग्रॅम आहे असे समजू. रांगणारे १० किलो वजनाचे मूल हात तोंडात घालून दिवसाला ५० मिलिग्रॅम धूळ गिळते असे धरल्यास त्याला दर किलो वजनामागे ०.०५ मायक्रोग्रॅम मात्रा मिळते. ६० किलो वजनाच्या प्रौढाच्या पोटात २० मिलिग्रॅम धूळ गेली, तर हीच मात्रा सुमारे ०.००३३ मायक्रोग्रॅम भरते. म्हणजे ज्याने शेतात कधी पाऊल टाकले नाही, त्या मुलाची धुळीतून येणारी मात्रा पंधरापट झाली. शिवाय त्याची मज्जासंस्था अद्याप घडत असते. आणि ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशके मज्जासंस्थेवरच आघात करतात.

मोजमाप करणाऱ्या विद्यार्थ्याने येथे एक भेद ध्यानात ठेवावा. दर ग्रॅम धुळीतील प्रमाण ही एक राशी, तर दर चौरस मीटर जमिनीवरील प्रमाण ही दुसरी. एका घरात दर चौरस मीटरला २ ग्रॅम धूळ असून तीत ग्रॅममागे ५ मायक्रोग्रॅम द्रव्य आहे, दुसऱ्यात ०.२ ग्रॅम धूळ असून तीत २० मायक्रोग्रॅम आहे. दुसऱ्या घराची धूळ चौपट दूषित. परंतु जमिनीवरील एकूण द्रव्य पहिल्यात १० मायक्रोग्रॅम, दुसऱ्यात ४. केवळ पहिली राशी नोंदविली तर स्वच्छ घर अधिक धोक्याचे ठरेल. नमुना बारीक चाळणीने चाळून घ्यावा. कारण हाताला चिकटतात ते सूक्ष्म कणच, आणि वजनाच्या मानाने त्यांचे पृष्ठफळही अधिक असते.

उपाय साधे आहेत. फवारणीचे कपडे घराबाहेर उतरवून वेगळे धुवावेत, औषधे राहत्या घरात ठेवू नयेत, आणि फरशी कोरड्या केरसुणीने झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. कारण झाडताना उडणारी बारीक धूळ प्रथम झाडणाऱ्या स्त्रीच्याच श्वासात जाते. परंतु शेणाने सारवलेली जमीन पुसता येत नाही. नवे सारवण जुनी धूळ खाली दाबून ठेवते, की पोपडे सुटताच ती पुन्हा वर आणते, हा प्रश्न आपल्याकडील घरांचा आहे. त्याचे उत्तर परदेशातील गालिच्यांवरील धुळीच्या अभ्यासात सापडणार नाही; ते या जिल्ह्यातील माजघरांतच शोधावे लागेल.