बिनखाचेचा दांडा महाग का?

नाशिकच्या एका वाचकांनी पत्रातून एक प्रश्न धाडलाय. ते बँकेतून निवृत्त झालेत. त्यांचा भाचा ओहायोत असतो, काही वर्षांपूर्वी तिथला नागरिक झाला आणि तेव्हापासून त्याला एम-1 गॅरंड या जुन्या लष्करी रायफलीचं वेड लागलंय. आता त्याच्याकडे दोन आहेत, एक 1943 सालची आणि एक पन्नाशीच्या दशकातली. मामा तिकडे गेले असताना त्याने दोन्ही उलगडून दाखवल्या. नव्या रायफलीतल्या एका लांब दांड्याला कोपऱ्याशी गोलसर खाच होती, जुनीतल्या दांड्याला नव्हती. भाचा म्हणाला, "मामा, खाच असलेला जास्त टिकतो. पण हा बिनखाचेचा मी वेगळा विकत घेतला, कितीतरी पट पैसे मोजून."

मामांचे प्रश्न दोन. धातू काढून टाकल्यावर वस्तू मजबूत कशी होते? आणि होत असेल, तर कमकुवत वस्तूला जास्त पैसे कोण शहाणा देतो?

पहिल्याचं उत्तर भौतिकशास्त्रात आहे. दुसऱ्याचं माणसाच्या डोक्यात आहे, पण तिथेही रस्ता कारखान्यातूनच जातो.

(आपल्याकडे हा छंद शक्य नाही, हे आधीच सांगतो. अर्धस्वयंचलित रायफल भारतात प्रतिबंधित शस्त्रांच्या गटात मोडते. अमेरिकेत मात्र लष्कराने मोडीत काढलेल्या गॅरंड एक संस्था नागरिकांना रीतसर विकते. ती 1996 च्या कायद्याने उभी राहिली. ग्रीस, डेन्मार्क, फिलिपिन्स अशा देशांना कधीकाळी दिलेल्या रायफली परत येतात, त्याही तिथूनच विकल्या जातात.)

ही रायफल रचणारा जॉन गॅरंड 1888 साली कॅनडातल्या क्वेबेकमध्ये जन्मला. लहानपणीच कुटुंब अमेरिकेत आलं आणि पोरगा कनेक्टिकटमधल्या कापडगिरणीत लागला. गिरणगावातल्या वाचकांना हे चित्र वेगळं सांगायला नको. पुढे तो यंत्रं घडवणाऱ्या कारखान्यात अवजारं बनवायला शिकला आणि 1919 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड शस्त्रागारात रुजू झाला. त्याच्या आडनावाचा उच्चार लोक शेवटावर जोर देऊन फ्रेंच थाटात करतात. त्याला ओळखणारे मात्र पहिल्या अक्षरावर जोर देत, असं सांगतात.

त्याच्यापुढचं काम सांगायला सोपं होतं. चाप ओढला की एक गोळी सुटावी आणि पुढचं काडतूस आपोआप नळीत बसावं. सैनिकाने हाताने बोल्ट मागेपुढे करायची गरज राहू नये. त्यासाठी लागणारी ताकद गोळीच्याच स्फोटातून उसनी घ्यायची. प्रश्न एवढाच की ती कुठून घ्यायची?

त्याचा पहिला प्रयत्न मजेदार होता. काडतुसाच्या बुडाशी जी छोटी टोपी असते, ती स्फोटाच्या दाबाने किंचित मागे सरकते. त्या केसभर सरकण्यावर त्याने सगळी यंत्रणा चालवून दाखवली! पण लष्कराने काडतूस बदललं, दारू बदलली, टोपी घट्ट दाबून बसवायला सुरुवात केली, आणि काही वर्षांची मेहनत पाण्यात गेली. मग तो नळीतल्या वायूकडे वळला. 1936 मध्ये स्वीकारलेल्या पहिल्या पिढीत नळीच्या तोंडावर एक टोपण स्क्रूने बसवलेलं होतं. गोळी नळीबाहेर पडली की मागून येणारा वायू या टोपणात अडायचा आणि पिस्टन मागे ढकलायचा. नळीला भोक पाडायला लष्कराचा जुना विरोध, म्हणून ही युक्ती. पण टोपणात काजळी साचायची, ते ढिलं व्हायचं, आणि नेम धरायची माशी त्याच टोपणावर असल्याने नेमही हलायचा. सुमारे 50,000 रायफली अशा बनल्यावर शेवटी नळीलाच, तोंडाच्या चारेक सेंटिमीटर अलीकडे, जेमतेम दोन मिलिमीटरचं भोक पाडण्यात आलं. 1940 पासूनच्या सगळ्या गॅरंड याच पद्धतीच्या.

आता इथे थोडं थांबू या, कारण ही जागा माझ्या आवडीची आहे. गोळीचा वेग सेकंदाला आठशे मीटरच्या वर असतो. भोक ओलांडल्यापासून नळीबाहेर पडेपर्यंत तिला चार सेंटिमीटर जायचंय. गणित करा: सेकंदाचा सुमारे वीस हजारावा भाग. गोळी बाहेर पडली की नळीतला दाब कोसळतो. म्हणजे वायूला पिस्टनवर जोर लावायला मिळतो तो असा निमिषभर. आणि तेवढ्यावर दांडा काडतुसाच्या लांबीहून जास्त मागे जातो, बोल्ट उघडतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि स्प्रिंग दाबतो.

कॅरम आठवा. स्ट्रायकरला बोट लागतं ते निमिषभर. नंतर तो बोर्डभर फिरतो, सोंगट्या पाडतो, ते स्वतःच्या जडत्वावर. बोट त्याच्या मागे मागे जात नाही. गॅरंडमधला वायूही अशीच टिचकी मारतो. टिचकी हलकी बसली तर बोल्ट अर्ध्यावर अडतो. फार जोरात बसली तर दांडा वाकतो. म्हणून तर ज्यांच्याकडे ही रायफल आहे ते आजची शिकारीची तगडी काडतुसं तीत घालायला कचरतात. त्या काडतुसांचा सर्वोच्च दाब मर्यादेतच असतो. पण त्यांची दारू सावकाश जळते, आणि गोळी त्या दोन मिलिमीटरच्या भोकापाशी पोचते तेव्हा तिथे दाब अजून बराच शिल्लक असतो. काडतुसाच्या खोक्यावर यातलं काहीच छापलेलं नसतं.

आणि या टिचक्या झेलतो तो मामांचा दांडा. तो सरळ नाही. नळीखालून येऊन तो वर वळतो आणि बोल्टला पकडतो. वळणापाशी सुरुवातीच्या रचनेत एक काटकोनी कोपरा होता. हजारो टिचक्यांनंतर काही दांड्यांना तिथेच तडे जाऊ लागले. कुठल्याही धारदार कोपऱ्यावर ताण गोळा होतो. शाम्पूच्या पुडीला कडेला बारीक खाच असते ना? ती नसेल तर तीच पुडी दातांनीही फाटत नाही. पुडी तीच, प्लास्टिक तेच, फक्त ताणाला एकवटायला एक टोक मिळालं. चार्ल्स इंग्लिस या ब्रिटिश इंजिनिअरने 1913 मध्ये हे गणिताने मांडलं होतं. ताणलेल्या पत्र्यात साधं गोल भोक असेल तर त्याच्या कडेवर ताण तिप्पट होतो, आणि भोक जितकं लांबट व टोकदार तितका हा आकडा चढत जातो. त्याचा रोख जहाजांकडे होता, पण पोलादाला जहाज काय नि रायफल काय! म्हणून काचेला तडा गेला की जाणता कारागीर तड्याच्या टोकाशी बारीक भोक पाडतो. टोक बोथट झालं की तडा थांबतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने दांड्यांचं हेच केलं. कोपऱ्यातला धातू गोलाईत कोरून काढला. काटकोन गेला, ताण पसरला, दांडे टिकले. मामांच्या पहिल्या प्रश्नाचं हे उत्तर. धातू कमी झाला, पण गेला तो सगळ्यात नडणारा धातू होता. दुरुस्तीला आलेल्या जुन्या रायफलींचे दांडेही सरसकट कोरले गेले, त्यामुळे बिनखाचेचे फार थोडे उरले. दुर्मीळ झाले म्हणून महाग झाले.

हे एकाच भागाचं झालं. गॅरंडच्या पिढ्या जितक्या पाहाव्यात तितका हाच नमुना दिसतो. प्रत्येक फरकामागे कुठलीतरी खोड आहे. सुरुवातीच्या रायफली आठ गोळ्यांपैकी सातव्या गोळीला अडायच्या. हाताने घडवलेले नमुने मात्र कधीच अडत नसत. शोधल्यावर कळलं की कारखान्यातलं कातरयंत्र आतली एक बारीक पट्टी जरा जास्तच कापत होतं, त्यामुळे उरलेल्या दोन काडतुसांपैकी वरचं तिरपं व्हायचं. मग तिथे वेल्डिंग करून धातू पुन्हा भरला. आज जुन्या क्रमांकाच्या रायफलीत ही वेल्डची खूण शोधली जाते. पिस्टन ज्यात सरकतो त्या वायूच्या नळकांड्याचंही तसंच. त्या काळच्या काडतुसांच्या टोप्यांमधून क्षार उरायचे, ते हवेतली ओल ओढायचे, लोखंड गंजायचं. म्हणून नळकांडं स्टेनलेस पोलादाचं केलं, तर त्यावर काळा लेप टिकेना. लेप उडून चमकणारं नळकांडं ही आज जाणत्या डोळ्याला आवडणारी खूण आहे!

मला स्प्रिंगफील्डच्याच एका जुन्या गोष्टीचा मोह आवरत नाही. गॅरंडच्या आधीची तिथली हातबोल्टची रायफल 1903 ची. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिच्या काही गाभ्यांचे (बोल्ट ज्यात सरकतो त्या मुख्य भागाचे) तुकडे उडाले. चौकशी झाली तेव्हा कळलं की भट्टीतलं पोलाद किती तापलंय हे कसबी कामगार रंगावरून, नुसत्या डोळ्यांनी ठरवत होते. उष्णतामापक लावून पाहिलं, तर लख्ख उन्हाच्या दिवशी त्याच डोळ्यांचा 'बरोबर' रंग ढगाळ दिवसापेक्षा दीडशे अंश सेल्सिअसहूनही जास्त गरम निघत होता. बाहेर उजेड जास्त, म्हणून तापलेलं पोलाद फिकं दिसे आणि कामगार ते आणखी तापवत. हे लिहून ठेवलं ज्युलियन हॅचर या तिथल्याच अधिकाऱ्याने. आजही 1903 ची रायफल घेणारा आधी क्रमांक पाहतो. 8 लाखांच्या आतला असेल तर ती भिंतीवर शोभते, खांद्याला लावत नाहीत.

गॅरंडचं खरं मोठेपण मला इथेच वाटतं आणि लेखांत ते क्वचितच येतं. त्याने रायफल आखली, हे सगळे सांगतात. ती लाखांनी बनवणारी यंत्रंही त्यानेच आखली. दुसऱ्या महायुद्धात सुमारे 40 लाख गॅरंड बनल्या, ते डोळ्यांच्या अंदाजावर होण्यासारखं नव्हतं. त्याने हक्क सरकारला दिले आणि स्वामित्वधनाचा एक पैसा घेतला नाही. त्याला एक लाख डॉलर देण्याचं विधेयक संसदेत आलं, पण मंजूर झालं नाही. पदकं मिळाली. 1953 मध्ये तो पगारदार म्हणूनच निवृत्त झाला.

त्याच सुमारास कोरियन युद्धामुळे नव्या पिढीचं उत्पादन सुरू झालं आणि इथे आपल्या ओळखीची एक कंपनी येते. इंटरनॅशनल हार्वेस्टर. आपल्या शेतकऱ्यांना ती बी-275 ट्रॅक्टरमुळे माहीत. 1963 पासून महिंद्राच्या भागीदारीत तो मुंबईत बनायचा. या कंपनीने तीन लाखांहून जास्त गॅरंड बनवल्या, पण ट्रॅक्टरवाल्यांना रायफलीचा गाभा जमता जमेना. काही गाभे स्प्रिंगफील्डने बनवून दिले, वर नाव हार्वेस्टरचं. आज या उसन्या गाभ्यांच्या रायफली शौकीन शोधत फिरतात. यातल्या कित्येकांच्या नळ्या वीजवितरणाची साधनं बनवणाऱ्या लाइन मटेरियल कंपनीच्या आहेत, आणि अचूकतेत त्यांचं नाव सगळ्यात चांगलं.

मग मामांचा दुसरा प्रश्न. यातले बरेच शौकीन 'करेक्ट' रायफल शोधतात. म्हणजे गाभ्याच्या क्रमांकावरून जो महिना निघतो, त्याच महिन्याला शोभणारा प्रत्येक भाग. बऱ्याच भागांवर आराखड्याचा क्रमांक आणि आवृत्ती कोरलेली असते, त्यावरून जुळवाजुळव चालते. भाच्याने बिनखाचेचा दांडा घेतला तो 1943 च्या रायफलीला 1943 चं रूप द्यायला.

मला मात्र ही कल्पना थोडी हास्यास्पद वाटते. गॅरंडचे भाग एकमेकांत बदलता यावेत, हाच त्या कारखान्याचा मोठा पराक्रम. दुरुस्तीशाळेत एकदम शेकडो रायफली उलगडायच्या, भाग एका टबात धुवायचे, आणि हाताला येईल तो बसवायचा. सैन्यात वापरलेली रायफल आजीच्या गोधडीसारखी असते. एक ठिगळ लुगड्याचं, एक धोतराचं, एक परवाच्या उशीच्या अभ्ऱ्याचं. तिची सगळी ठिगळं एकाच साली विणलेल्या कापडाची केलीत, तर जी गोधडी तयार होईल ती कुणीच कधी पांघरलेली नसेल. वर बाजारात नकली भागही येतात. टोपणाच्या पिढीच्या अस्सल रायफली मोजक्याच उरल्यात आणि तिचं टोपण नव्याने बनवून मिळतं, म्हणजे काय होत असेल ते बँकेतल्या माणसाला सांगायला नको.

1957 मध्ये गॅरंडची वारस एम-14 आली. तिच्यात पिस्टन थोडा मागे सरकला की वायूचं भोक आपणच बंद होतं, म्हणजे टिचकी हवी तेवढीच बसते. तिचा अर्धस्वयंचलित नागरी भाऊ 'एम1ए' या नावाने विकला जातो आणि त्याच्यावर 'स्प्रिंगफील्ड' असं नावही असतं. ती इलिनॉयमधली खासगी कंपनी आहे. सरकारी शस्त्रागार 1968 मध्येच बंद झालं, तिथे आता संग्रहालय आहे.

मामा, भाच्याला एवढंच कळवा: बिनखाचेचा दांडा मखमलीच्या पेटीत ठेव, मित्रांना दाखव. मैदानावर जाताना मात्र खाचेचाच बसव.