घोड्याचा पाय आणि ओताऱ्याचं गणित

घनसावंगीत शिवजयंतीला पुतळ्यांचा विषय निघाला की कुणीतरी सांगतंच: घोड्याचे पुढचे दोन्ही पाय वर असले तर वीर रणात पडला, एक वर असला तर जखमांनी गेला, चारही टेकलेले असले तर आजारानं. मोबाइलवरून फिरणारी ही नुसती समजूत आहे. शिल्पकारांत असा नियम नाही.

इटलीतल्या पादुआ शहरात शिल्पकार दोनातेल्लोनं १४५३ साली पुरा केलेला सेनापती गात्तामेलाताचा पुतळा पाहा. घोड्याचा एक पाय उचललेला, पण सेनापती १४४३ मध्ये आजारानं वारला होता. त्या खुराखाली दोनातेल्लोनं एक गोळा ठेवला आहे. एवढा धातू तीन पायांवर तोलणं अवघड, गोळ्यानं भार वाटला जातो. पुढे शिल्पकार वेरोक्क्योनं व्हेनिसच्या अश्वारूढ पुतळ्यात तोच पाय अधांतरी ठेवण्याचं धाडस केलं. घोड्याचा पाय शिल्पकाराच्या तोलाबद्दल सांगतो, स्वाराच्या मरणाबद्दल नाही.

दुसरा समज असा, की पुतळा आतून भरीवच हवा. पोकळ म्हणजे फसवणूक. देवघरातली छोटी मूर्ती भरीव ओतता येते. मोठ्या पुतळ्यात मात्र जाड धातू सगळीकडे सारखा निवत नाही, आक्रसतो आणि तडकतो. म्हणून आत मातीचा गाभा ठेवून त्याभोवती पातळ थर ओततात. पोकळी ठेवणं हेच ओताऱ्याचं कसब.

आणि असं मोठं काम विलायतेतच व्हायचं, हा तिसरा समज तर आपल्याच माणसावर अन्याय करणारा. अलिबागजवळच्या सासवण्याचे विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) यांनी देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. ते कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडलं आणि त्यांच्या मदतीनं करमरकर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पोचले. पुण्यातला महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांनी १९२८ साली पुरा केला. उंची साडेतेरा फूट, वजन सुमारे आठ टन, आणि तो मुंबईत माझगावला एकसंध ओतला गेला. दोनातेल्लोचा घोडा तुकड्यांनी ओतून जोडलेला आहे, हे लक्षात घेतलं म्हणजे या कामाची छाती कळते. याच करमरकरांनी सिमेंटसारख्या साध्या मालातूनही जिवंत शिल्पं घडवली.

पुण्याला गेलात तर शिवाजीनगरच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमध्ये हा पुतळा जरूर पाहा. सासवण्याला करमरकरांच्या राहत्या घरात त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे. मुलांना तिथेही न्या.